कोनाड्यातून आलेला समुद्र

लाडक्या, हट्टी बापू,

आज नागचतुर्थी. भावाचा उपवास. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही आणि चोळ्या न्यायला आलेल्या दोघीजणी मलाच शहाणपण शिकवून गेल्या. "अक्का, आता कुनासाटी उपास धरती? भाऊ तर गेला की." मी म्हटलं, "गेला म्हणजे भाऊ व्हायचा थांबला का?" चोळ्या काखेत मारून दोघी निघून गेल्या.

तू गेलास दिवाळीच्या आधी. तेव्हापासून मी तुझ्याशी मनात बोलते, पण कागद आज घेतला, कारण कालची गोष्ट मनात मावत नाही. काल नानाकाकांनी तुझं बायस्कोपचं यंत्र न्यायला दारात बैलगाडी उभी केली होती. परळीचं गिऱ्हाईक पक्कं केलं होतं म्हणे. मला न विचारता! गाडी रिकामी गेली बापू. कशी गेली ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तू असतास तर जमिनीवर गडाबडा लोळून हसला असतास.

पण आधी तुझ्याशी भांडायचं आहे. ते राहूनच गेलं होतं.

सगळ्या माजलगावात तुला माझीच खोली सापडली? बाबांनी मरताना सांगितलं होतं, ही मागची खोली गोदाची, तिच्या शिवणकामाला, तिला तिथून कुणी उठवायचं नाही. बारा हात लांब, पाच हात रुंद, खिडकी नाही, उजेडाला छतात एक झरोका. एका कोपऱ्यात माझं हातानं फिरवायचं शिवणयंत्र, दुसऱ्यात ज्वारीची कणगी. एवढ्यात तू गाडीभर लोखंड घेऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "अक्के, जरा सरक."

जरा सरक! मी किती ओरडले होते ते आठवतं? तू मात्र हसत होतास. "कावून रागावती अक्के? तुला परळीला येता येत न्हाई, म्हनून परळीच हितं आणली."

ते ऐकून मी माझं शिवणयंत्र सरकवलं होतं. खरं तर रडू आलं होतं, पण तुला दाखवलं नाही.

महाशिवरात्रीला तू परळी वैजनाथच्या यात्रेत पहिल्यांदा बायस्कोपचा तंबू पाहिलास आणि घरी येऊन बोलायचा थांबेनास. हत्ती पाहिले, पैलवान पाहिले, समुद्र पाहिला. मी शिवत होते. मी म्हटलं, "मला सांगू नको." तुला वाटलं मला आवडत नाही. अरे वेड्या, मला ऐकवत नव्हतं! ज्या नवऱ्याचं तोंडसुद्धा आठवत नाही, त्याच्या नावानं लहानपणापासून घरात बसलेली मी. मला कोण यात्रेत नेणार? नेलं तरी तंबूत कोण बसवणार? काकांनी तर देवदर्शनालाही कधी गाडीत बसवलं नव्हतं.

पुढच्या यात्रेला तू त्या तंबूवाल्याबरोबर निघून गेलास. हंगामभर त्याच्या यंत्राची मूठ फिरवलीस. म्हातारा थकला होता, तंबू मोडायला निघाला होता, आणि मजुरीच्या बदल्यात तू त्याचं यंत्र आणि चार रिळं मागून घेतलीस. काका म्हणाले, "शिंप्याच्या पोरानं कात्री सोडून ह्ये काय आनलं बे?" तू म्हणालास, "काका, ह्ये बी शिवायचंच काम हाय. उजेड शिवायचा." उत्तरं द्यायला तुला कधी शिकवावं लागलं नाही.

आता बघ, मी खरंच हसते आहे. पहिल्या दिवशीची ती फजिती! यंत्र मोठ्या तंबूसाठी केलेलं. खोलीच्या एका टोकाला यंत्र, त्याच्या मागे तुझा तो कारबाईटचा दिवा, दिव्याच्या मागे तू. निम्मी खोली तुम्हीच खाल्लीत. समोरच्या भिंतीवर चित्र पडलं ते परातीएवढं! त्यात हत्ती, आणि हत्ती केवढा? माझ्या मुठीत बसेल एवढा. मी म्हटलं, "बापू, ह्या हत्तीला मी चोळीच्या खणात बांधून नेईन." तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

शिवाय तो वास! कारबाईटच्या वासानं डोळ्यांतून पाण्याच्या धारा. छताचा झरोका तू पोत्यानं बंद केलेला, दार बंद, आणि आत आपण दोघं खोकतोय. काकू बाहेरून ओरडत होत्या, "आत काय जळतंय गं?"

मग सुरू झाली तुझी उठाठेव. कणगी काकांच्या सोप्यात गेली आणि त्यावरून घरात आठ दिवस धुसफूस. मी मांजरपाटाचा पडदा शिवून दिला, तर दार उघडलं की तो हलायचा आणि पैलवानांची पोटं लाटांसारखी हलायची. पडदा काढला. तू भिंतीला चुना दिलास, पांढराफेक दिसावा म्हणून त्यात नीळ घातलीस, आणि ती जास्त झाली. पुढचे चार दिवस आमचे हत्ती निळे होते! पुन्हा चुना. काकू म्हणाल्या, "लग्न हाय का घरात?" लग्न! तुझ्या लग्नाचं नाव काढलं की माझं कपाळ दुखायचं.

युसूफ वडगावचे ते पाहुणे आठवतात का? मुलीचा बाप आणि मामा तुला बघायला आले होते. काकांनी त्यांना बसवलं, पानसुपारी झाली, मुलगा कुठाय म्हणून हाक मारली. मुलगा कुठे होता? मुलाचं डोकं भिंतीत होतं! अंगभर माती, हातात पहार. मुलीच्या बापानं चपला घातल्या त्या उंबऱ्याच्या आतच. बापू, ते स्थळ चांगलं होतं रे. मुलगी माझ्या ओळखीची होती, हसरी होती.

पण त्या भिंतीबद्दल मी तुला एका शब्दानं बोलणार नाही. कारण तो कोनाडा दाखवला मीच.

आपल्या आणि उस्मानचाचांच्या घराची मधली भिंत एकच. बांधताना गवंड्यानं दोन्ही बाजूंना दिवा ठेवायचे कोनाडे नेमके एकाच जागी सोडले. लहानपणी आपण आपल्या कोनाड्यात टकटक केलं की पलीकडून चाचांच्या बायको हमीदाबी टकटक करायच्या, एवढी मधली माती पातळ. तू कपाळाला हात लावून बसला होतास तेव्हा मी सहज म्हटलं, "यंत्राला एवढी जागा लागते तर ते पलीकडेच ठेव ना. कोनाड्यातून उजेड येईल." तू माझ्याकडे असा पाहिलास, जसं मी तुला राज्य दिलं.

उस्मानचाचा कंदील दुरुस्त करणारे, पत्र्याचं काम करणारे. त्यांना दिव्याचं काहीही सांगा, ते ऐकून घेणार. तू विचारलंस तेव्हा त्यांनी दाढी खाजवली. "दीवार दोनो की है बेटा. मेरी तरफ की मिट्टी मैं निकालतूं, तेरी तरफ की तू निकाल." झालं! वीतभर भोक पडलं. यंत्र गेलं त्यांच्या कारखान्याच्या खोलीत, वास गेला, धूर गेला, दिव्यावर चाचांनी पत्र्याचं धुराडं बसवलं, रिळाची फीत झटकन पेटते म्हणून शेजारी पाण्याची बादली आणि ओलं पोतं ठेवलं. भिंग तेवढं कोनाड्यात. माझी सगळी बारा हात खोली मोकळी झाली आणि समोरच्या भिंतीवर चित्र मोठ्या खिडकीएवढं झालं. त्या खोलीला जन्मात खिडकी नव्हती.

तरीही आपण चुकलोच! कोनाडा दिव्याचा. खाली बसून पोथी वाचता यावी अशा उंचीवर केलेला. पहिल्या खेळाला गल्लीतल्या बायका आल्या, रीतसर भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि तू पलीकडून दिवा लावलास. चित्र कुठलं! भिंतीवर पंधरा-वीस डोकी, पदर, अंबाडे. एक बाई ओरडली, "अगं बया, ह्यो तर माझाच अंबाडा!" आपण महिनाभर खपलो, भिंत फोडली आणि माणसाला डोकं असतं हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तू म्हणालास यंत्र उंच करतो, नवं भोक पाडतो. चाचा म्हणाले, अजून फोडलं तर भिंत बसेल. मग काकूंनीच तोडगा काढला, आठवतं? दारात उभ्या राहून, नाकाला पदर लावून, आपला काही संबंध नाही अशा आवाजात. "पंगतीवानी बसवा की. दोन बाजूला दोन वळी. मधून वाढप्याला वाट ठेवतात तशी उजेडाला ठेवा." बायका तशा बसल्या, भिंतीला पाठ लावून, समोरासमोर, आणि मधून तुझा उजेड गेला. मान वळवून वळवून सगळ्यांच्या माना अवघडल्या, पण एकही उठली नाही.

आणि मग समुद्र आला, बापू.

मी सिंदफणा नदीचं पाणी पाहिलंय, पुरात पाहिलंय. पण पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या खोलीत, माझ्या चुन्याच्या भिंतीवर. लाट यायची आणि फुटायची. एक होडी वर जायची, खाली जायची. आवाज नाही, फक्त पलीकडून तुझ्या यंत्राची खडखड. मी उठून भिंतीजवळ गेले आणि हात लावला. हात पांढरा झाला, चुन्यानं. मागून सगळ्या ओरडल्या, "अक्का, सरक, समुद्र झाकला!" माझ्या आयुष्यात मी काही झाकलं म्हणून कुणी तक्रार केली ती तेवढीच.

आणि राजाचं रीळ! दरबारातला राजा मान वर करून सरळ पाहायला लागला तशी दोन्ही ओळींनी एकदम पदर ओढला. परका पुरुष बघतोय! पलीकडून तू विचारतोस, "काय झालं? काय झालं?" आणि इकडे एकही बाई बोलायला तयार नाही, कारण पुरुषाच्या देखत बोलायचं कसं?

मग मानमोडीच्या तापाची साथ आली.

त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. गल्लीत दर घरातून कुणी ना कुणी गेलं. तू तीन दिवसांत गेलास. शेवटच्या दिवशी तुला माझं नाव आठवत नव्हतं, पण हात हवेत गोल फिरत होता. मी तो धरून ठेवला होता. तू माझ्या हाताला धरूनही फिरवत होतास. एवढंच.

आणि लोक काय म्हणाले माहीत आहे? यंत्रानं नेला! यंत्रात सावल्या असतात, सावल्यांनी नेला! मी विचारते, ज्या घरांत बायस्कोप नव्हता त्या घरांतली माणसं मानमोडीनं ठेवली का? उत्तर नसलं की लोक आवाज खाली करून तेच पुन्हा बोलतात, तसं बोलत राहिले.

काकांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना सावल्यांशी देणंघेणं नव्हतं, त्यांना ते भोक सलत होतं. तू होतास तोवर ते भोक पोरखेळ होता. तू गेलास आणि त्याच भोकाचं नाव बदललं. "विधवा बाईची खोली, आन् तिला परक्या घरात भोक? जातीत तोंड दाखवायला जागा न्हाई. भोक बुजवायचं, यंत्र इकायचं. माझा शब्द हाय."

मी म्हटलं, "काका, दोन्हीकडे दिवे ठेवत होतो तेव्हा चालत होतं. एका दिव्याचा उजेड इकडं आला तर काय बाटलं?"

"त्वांड लई सुटलंय तुझं."

"तोंड माझं आहे. खोलीही माझी आहे."

बापू, तुला सांगते, हे मी काकांच्या तोंडावर बोलले. त्या उस्मानचाचांनी मला कडेवर घेऊन सिंदफणेचा पूर दाखवलाय. त्या हमीदाबींनी आई गेली तेव्हा मला महिनाभर न्हाऊ घातलंय. ते परके? मग माझी चौकशी करायला वर्षातून एकदाही या खोलीत न डोकावलेले माझे भाऊबंद कोण?

आता ऐक, यंत्राचं. तू मला ते चालवायला कधी शिकवलं नाहीस! हा माझा खरा राग आहे. दिवाळीनंतर मी विचार करत बसले होते की हे आता कोण फिरवणार. चाचांना दिवा येतो, फीत नाही. तर हमीदाबी कोनाड्यातून म्हणाल्या, "मेरेकू मालूम है ना. तेरा भाई रोज करता था, मैं परदे के पीछे से रोज देखती थी." त्यांनी प्रत्येक वळसा पाठ केला होता! पहिले इथून, मग त्या दात्यांवरून, मग भिंगाच्या मागून. दुपारी चाचा बाजारात गेले की मी आपल्या मागच्या दारानं निघायची, त्यांच्या मागच्या दारानं शिरायची आणि हमीदाबींजवळ शिकायची.

आणि मी शिंपिणीची चूक केली. शिवणयंत्रात दोरा ताणून ओवायचा असतो, सैल राहिला तर टाका बिघडतो. हात त्याच सवयीचा. मी फीतही तशीच ताणून बसवली. मूठ फिरवली आणि फट्! समुद्राचं रीळ तुटलं. हमीदाबींनी कपाळावर हात मारला. "ढील छोडनी थी गे, ढील! ऊपर बी थोडी, नीचे बी थोडी." आणि मी तुटलेली फीत कशी जोडली असेल? हसू नको. सुई-दोऱ्यानं! बारीक टाके घालून शिवली. आता समुद्रात होडी वर जाते तिथं यंत्रात खट् होतं आणि लाट एक उडी मारते. मारू दे. माझा समुद्र आहे.

पण हात मात्र माझा चांगला चालतो. तू भांडणाचं चित्र आलं की चेकाळायचास आणि पैलवान माकडांसारखे उड्या मारायचे. मी इकडून ओरडायची, "हळू फिरव!" मी इतकी वर्षं शिवणयंत्राची मूठ फिरवते आहे. एकसारखी, पहाटेपासून कातरवेळेपर्यंत. माझ्या हातात हत्ती हत्तीसारखे चालतात.

तर काल. काकांनी आदल्या दिवशीच उस्मानचाचांना निरोप धाडला होता की गाडी येणार, यंत्र काढून ठेवा. चाचा भले माणूस, भांडण नको म्हणून हो म्हणाले. ते हमीदाबींना कळलं. हमीदाबींनी कोनाड्यात टकटक केली. मी कान लावला. म्हणाल्या, "सुबह इधर आ जा. आगे का मैं देखतूं."

सकाळी गाडी आली. काका, गाडीवान, दोन गडी. चाचांच्या दारात गेले. आणि दारात पडदा! जाडजूड, नवा. तो तुझा मांजरपाटाचा पडदा होता बापू, मीच शिवलेला. पडद्याच्या आत यंत्र, आणि यंत्राच्या भोवती हमीदाबी, त्यांच्या दोन सुना, त्यांची बहीण आणि तिच्या दोन मुली, सगळ्या मांडी घालून. आणि मध्ये मुठीवर हात ठेवून मी.

काका बाहेरून म्हणाले, "उस्मानभाई, यंत्र काढायला आलोय."

आतून हमीदाबींचा आवाज. उभ्या जन्मात त्या परपुरुषाशी बोलल्या नव्हत्या, पण काल अशा बोलल्या की गल्लीनं ऐकलं. "अंदर जनाना बैठा है नानाजी. औरतां बेपर्दा हैं. कदम नक्को रखो."

"कुठवर बसनार हायत?"

"अब जनाना है. बैठा तो बैठा."

काका खवळले. "उस्मानभाई, तुमी सांगा की त्यांना!"

चाचा बाहेर उभे, दाढी खाजवत. "मैं क्या बोलूं नाना? मेरेकू बी अंदर नक्को बोली. सुबह से चाय नै मिली."

सुनांनी तोंडात पदर कोंबला. मला वाटलं मी हसून मरेन आणि तुझ्याकडेच येईन. कुठल्या पुरुषाची छाती आहे तो पडदा उचलायची? काकांची नाही, गाडीवानाची नाही. ज्या पडद्यानं आम्हाला इतकी वर्षं आत ठेवलं, त्याच पडद्यानं काल त्यांना बाहेर ठेवलं. बैल शेण टाकून मोकळे झाले. ऊन चढलं. गडी म्हणाले, दुसरं काम आहे. शेवटी चाकं वाजली.

जाताना काका म्हणाले, "गोदा आत हाय ना? मला ठावं हाय. जात वाळीत टाकील तिला."

तेव्हा मी बोलले. पडद्याआडून, पण मोठ्यानं. "टाकू द्या काका. पंचमीच्या चोळ्या मग त्यांच्या बायकांना कोण शिवून देतं ते बघू!"

भोकाचं काका सोडणार नाहीत हे मला माहीत आहे. पंचमी झाली की गवंडी धाडतील. येऊ दे. माझी बाजू माझ्या खोलीत आहे आणि पलीकडची बाजू हमीदाबींच्या जनान्यात. गवंड्यानं कुठून काम करायचं ते काकांनी त्याला समजावून सांगावं!

गाडी गेल्यावर हमीदाबी म्हणाल्या, आता बसलोच आहोत तर लाव. मागच्या दारानं गल्लीत निरोप गेला. बायका माझ्या खोलीत जमल्या, पंगतीसारख्या दोन ओळी. झरोका बंद झाला. चाचांना आत घेतलं, त्यांनी दिवा पेटवला, चहा घेतला आणि ते बाहेर गेले. आणि मी पहिल्यांदा खऱ्या खेळाला मूठ फिरवली.

बापू, तू मला हे का नाही सांगितलंस?

तिथं बसून चित्र दिसतच नाही! भिंगानं भोक भरून जातं. मूठ एका बाजूला, तिथं बसलं की बाजूच्या बोटभर फटीतून दिसते ती समोरची ओळ. नुसती तोंडं. समुद्र चालू होता, मला कळत होतं की आता लाट आली, कारण सगळ्यांच्या तोंडावरून उजेड सरकत होता. खट् झालं, सगळ्या दचकल्या, हसल्या. आणि ओळीत दारापाशी पहिली कोण बसली होती? काकू. नवऱ्याची गाडी रिकामी गेली त्याच दिवशी, नाकावरचा पदर खाली घसरलेला, तोंड उघडं, डोळे एवढे मोठे. मी त्यांना इतक्या वर्षांत असं पाहिलंच नव्हतं.

दर खेळ संपला की तू भोकाला तोंड लावून विचारायचास, "अक्के, कसा दिसला?" मला वाटायचं, शाबासकी मागतोय. मी चिडून म्हणायची, "दाखवलास तूच, मला काय विचारतो?" अरे, तुला खरंच माहीत नसायचं! एवढी भिंत फोडलीस, चुना दिलास, स्थळं घालवलीस, आणि माझ्या खोलीतला समुद्र तू एकदाही पाहिला नाहीस. त्या फटीतून तू फक्त मला पाहत होतास.

म्हणून सांगते, नीट ऐक. उद्या पंचमी आहे. उद्या सुई धरायची नाही, माती उकरायची नाही, त्यामुळे भोकही कुणी बुजवू शकत नाही आणि माझा हातही मोकळा आहे. उद्या खेळ होणार. गल्लीतल्या सगळ्या येणार, काकू येणार, चोळ्या नेणाऱ्या त्या दोघीही येणार, मी त्यांना सांगितलंय. मूठ मी फिरवणार, एकसारखी. हे भोक माझ्या जिवंतपणी बुजायचं नाही, हे यंत्र माझ्या जिवंतपणी कुठल्या गाडीत चढायचं नाही. आणि रीळ संपलं की भोकाला तोंड लावून मी मोठ्यानं विचारणार आहे, "बायांनो, कसा दिसला?" त्या काय सांगतील ते कान देऊन ऐक. ते उत्तर तुझं आहे.

उपवास उद्या तुझ्या नावानं सोडीन.

भिंतीच्या तुझ्या बाजूला बसलेली,
तुझी अक्का